वळणवाले चव्हाण सर

चव्हाण सरांना आमची नावं कधीच पाठ झाली नाहीत. गावं मात्र पहिल्याच आठवड्यात झाली. "जत, फळा पूस." "तासगाव, पंखा कमी कर." मी म्हसवडहून आलेली, म्हणून एम.कॉम.ची दोन्ही वर्षं मी त्यांच्या तोंडी 'म्हसवड'च राहिले. सुरुवातीला मला त्याचं थोडं वाईट वाटायचं. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. हजेरीपटावरचं माझं पूर्ण नाव कुणीतरी मोठ्यानं वाचावं, असं मला फार वाटायचं. पण सर हजेरी घेतच नसत. वर्गावरून एक नजर फिरवायचे आणि म्हणायचे, "आज विटा आलं न्हाई. एस.टी. चुकली आसणार."

सरांवर लिहावं की नाही, हे मला अजून नीट ठरवता आलेलं नाही. त्यांनी शिकवलेलं मी विसरणार नाही, आणि त्यांच्या हातून जे झालं तेही नाही. झालेल्या गोष्टीत माझाही थोडा भाग आहे. म्हणून जमेल तसं लिहिते.

सर आम्हाला 'फायनान्शियल डेरिव्हेटिव्हज', म्हणजे वायद्यांचे व्यवहार, शिकवायचे. ते तासिका तत्त्वावर होते. म्हणजे जेवढे तास घेतले तेवढ्याचेच पैसे, आणि तेही कधी कधी सहा-सहा महिन्यांनी. वय पन्नाशीला आलेलं. कराडला लागून असलेल्या मलकापूरहून रोज एस.टी.नं सांगलीला यायचे. आकाशी शर्ट, खिशात पेनाशेजारी खडू, त्यामुळं खिशाचा कोपरा कायम पांढरा. कायमच्या जागेसाठी त्यांनी किती मुलाखती दिल्या ते कधी सांगायचे नाहीत. "दर वेळी मुलाखत घेणारा माझ्यापेक्षा ल्हान असतो, एवढंच लक्षात ऱ्हातंय," असं म्हणून हसायचे.

त्यांचा एक प्रश्न ठरलेला होता. कुठलंही उदाहरण घातलं की आम्ही भावापासून सुरुवात करायचो. आज इतका, दोन महिन्यांनी इतका, म्हणजे फायदा इतका. सर हात वर करून थांबवायचे. "भाव नंतर बघू. आदी सांग, समोर कोण हाय?" सौद्यात आपण कितीही बरोबर असलो, तरी समोरचा बुडाला तर आपला फायदा कागदावरच राहतो. पुस्तकात याला काउंटरपार्टी रिस्क म्हणतात. सर 'समोरच्याची जोखीम' म्हणायचे. आमच्या वर्गातल्या एका मुलीचं लग्न ठरलं आणि ती पेढे घेऊन आली, तेव्हाही सरांनी पेढा तोंडात टाकला आणि विचारलं, "अभिनंदन. समोर कोण हाय?" ती इतकी लाजली की पेढ्यांचा बॉक्स घेऊन पळालीच.

एकदा स्कॉलरशिपच्या कागदांसाठी मी कराडला गेले होते. सकाळी परत येताना मलकापूरच्या थांब्यावर सर गाडीत चढले. कंडक्टरकडं सुट्टे पैसे नव्हते. तो प्रत्येकाच्या तिकिटामागं 'बाकी' लिहून देत होता आणि वैतागला होता. सर उठले. त्यांनी चार-पाच जणांची तिकिटं बघितली, कुणाची बाकी किती, कोण कुठं उतरणार हे विचारलं, कंडक्टरला दोघांत मिळून एक नोट द्यायला लावली, तिसऱ्याच्या खिशातलं नाणं चौथ्याला देववलं. दोन मिनिटांत कंडक्टर मोकळा. एक म्हातारी मात्र नोटेतल्या तिच्या वाटेकऱ्याचा हात सोडेना. "आवं मास्तर, ह्यो नोट घिऊन मदीच उतारला म्हंजे?" सर मागं वळून मला म्हणाले, "बघितलंस म्हसवड? हिला पुस्तक लागत न्हाई."

नेटिंगचा, म्हणजे देणी-घेणी आपसात वजा करण्याचा, धडा त्यांनी असा शिकवला. आम्हाला सांगितलं, वर्गात कोण कुणाचं किती देणं लागतं ते चिठ्ठ्यांवर लिहा. वडापावचं, झेरॉक्सचं, रिचार्जचं, सगळं खरं लिहा. सव्वीस चिठ्ठ्या निघाल्या. त्यांनी फळ्यावर गावांची नावं गोल मांडली, सव्वीस बाण काढले आणि मग एकेक पुसत गेले. तासगाव विट्याचं देणं लागतं, विटा जतचं, जत तासगावचं. मग तिघांनी खिशात हात घालायचाच कशाला? अर्ध्या तासात फळ्यावर तीन बाण उरले. आम्ही टाळ्या वाजवल्या.

सरांनी जतचा हात धरला आणि त्याला दाराबाहेर नेऊन उभं केलं. हा उंच, सतत चेष्टा करणारा मुलगा.

"जत मेला," सर म्हणाले.

"सर, अजून लग्न व्हायचंय ओ!" बाहेरून आवाज आला.

"मेल्यालं बोलत न्हाई." मग ते आमच्याकडं वळले. "आता जतचे वारस येणार. ते म्हणणार, आमच्या जतला जे यायचं हाय ते टाका. आन तुमाला जे घ्यायचं हाय, त्येच्यासाठी रांगेत उभं ऱ्हावा. मग ह्या तीन बाणांचं काय झालं?"

सरांनी पुसलेले बाण पुन्हा काढले. म्हणाले, "दोघांचं आपसातलं असंल तर एक मेल्यावरबी वजावट होते. पण तिघांचं, चौघांचं वर्तुळ असंल, तर ते आदी लिहून ठेवायला लागतंय. सगळ्यांच्या सह्या घेऊन. एक सही न्हाई, तर वर्तुळ न्हाई." शेवटचं वाक्य त्यांनी फळ्यावर लिहिलं आणि त्याखाली दोन रेघा मारल्या. माझ्या वहीतही दोन रेघा आहेत.

"सर, जिवंत होऊ का? प्राचार्य येतायत," बाहेरून जत म्हणाला.

सरांचं घर कॉलेजच्या पगारावर चालत नव्हतं. ते चालायचं मार्केट यार्डातल्या शनिवारच्या कामावर. यार्डात हळदीचे तोंडी वायदेही होतात. आज भाव ठरवायचा, पोती दोन महिन्यांनी द्यायची. हेच वायदे हातोहात फिरतात आणि पुष्कळदा फिरून पहिल्या माणसाकडंच येतात. मग पोती गोल फिरवण्यात अर्थ नसतो. कुणाची किती पोती कुणाकडून कमी करायची आणि शेवटी कुणी कुणाला काय द्यायचं, हे ठरवण्याला यार्डातले जुने लोक वळण म्हणतात. अकरा लहान व्यापाऱ्यांचं वळण सर धरायचे. एका दुकानाच्या माळ्यावर शाळेतून काढून टाकलेला एक फळा होता. सर दर शनिवारी तीन वाजता तिथं बसायचे, लोक चिठ्ठ्या आणून द्यायचे. सर सांगतील ते शेवटचं, त्यावर कुणी दुसऱ्यांदा हिशेब करायचा नाही, अशी रीत होती.

ते अकरा जण लहान म्हटले, पण त्यातले आण्णा मोठे होते. सगळं यार्ड त्यांना आण्णाच म्हणायचं. दुसऱ्या टोकाला रेहानाभाभी. नवरा गेल्यावर हळद दळायची गिरणी त्यांनी चालू ठेवली होती आणि जोडीला थोडा व्यापार. वळणाला बसणारी ती एकटीच बाई.

आम्ही दुसऱ्या वर्षाला गेलो तेव्हा सरांनी ठरवलं की हे सगळं कागदावर आणायचं. वर्गात मराठी टायपिंगची परीक्षा मीच दिलेली, म्हणून करार टाइप करायला माझ्याकडं दिला. दोनच पानं. मुद्दा एकच होता: अकरांपैकी कुणी बुडाला तर त्याच दिवशी सगळ्यांचे सगळे वायदे एकत्र मोडायचे, आणि वजा जाऊन उरेल तेवढंच देणं-घेणं धरायचं. ते वाक्य मी तीनदा बदललं. सर म्हणायचे, "आजून सोपं कर. भाभींना वाचता आलं पायजे." खाली अकरा नावं आणि प्रत्येक नावापुढं सहीसाठी टिंबांची ओळ.

पंधरा दिवसांनी सर झेरॉक्स काढायला तो कागद घेऊन आले, तेव्हा दहा ओळी भरलेल्या होत्या. आण्णांच्या नावापुढं टिंबंच होती.

"सर, आण्णांची राहिली?"

"अमावास्या होती. आण्णा अमावास्येला कुठंच सही करत न्हाईत. पुढच्या आठवड्यात घेतो."

पुढच्या आठवड्यात मी पुन्हा विचारलं. सर जरा चिडले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "म्हसवड, ह्या यार्डात मला पहिलं काम त्यांनी दिलं. माझ्या थोरल्याच्या बारशाला आख्ख्या आळीला जेवाण त्यांचं. एकदा कागद नेला, त्यांनी अमावास्या सांगितली. दुसऱ्यांदा न्यायचा म्हंजे, 'आण्णा, तुमी बुडाला तर?' आसं तोंडावर विचारल्यागत होतंय. जमत न्हाई गं."

मला त्यांचाच प्रश्न त्यांना विचारायचा होता. समोर कोण आहे, सर? पण मी विद्यार्थिनी आणि ते सर.

त्याच महिन्यात सर आमच्या वर्गाला वळण दाखवायला घेऊन गेले. माळ्यावर सगळ्या वस्तूंवर हळदीचा पिवळा थर होता. आम्ही भिंतीला टेकून ओळीनं बसलो. व्यापारी गाद्यांवर. आण्णा मधे बसून अडकित्त्यानं सुपारी कातरत होते आणि आम्हा प्रत्येकाला गाव विचारत होते. मला म्हणाले, "म्हसवडची? सिद्धनाथाच्या पायाशी ऱ्हातीस म्हन की." माणूस फार गोड वाटला. हे लिहायला हवं, कारण नंतर सगळे त्यांना लबाड म्हणाले. त्या दिवशी तरी मला ते लबाड वाटले नाहीत.

रेहानाभाभींनी चिठ्ठी पुढं केली, पण हातातून सोडली नाही. "सर, दोनशे पोत्यांचं हाय. एवढा सौदा मी कधी केला न्हाई. आण्णांकडनं मी घेणार, ह्या पोपटरावांना मी देणार, आन पोपटरावांनी आण्णांना आदीच द्यायचं कबूल केलंय. म्हंजे माझ्याकडं पोती यायची न्हाईत, जायची न्हाईत. मधले थोडे सुटतील तेवढेच."

"म्हणजे भाभी, तुमचं शून्य," सर म्हणाले आणि फळ्यावर त्यांच्या नावापुढं शून्य काढलं.

"ते कळलं. पर त्या कागदावर सगळ्यांच्या सह्या झाल्या नव्हं?"

सरांचा खडू फळ्यावरच थांबला. आण्णा तीन हातांवर बसलेले. अडकित्ता थांबला नव्हता. आण्णा हसत होते, ते कशाला हे मला कळलं नाही. खोलीत सगळे सरांकडं बघत होते, आणि 'दहाच झाल्या' म्हणायचं म्हणजे अकरावा कोण ते सगळ्यांसमोर सांगायचं.

"झाल्या," सर म्हणाले.

भाभींनी चिठ्ठी सोडली. सरांनी एकदा माझ्याकडं बघितलं. मी वहीत मान घातली.

त्यानंतर हळद चढायला लागली. आठवड्याला चढायची आणि लोक म्हणायचे, आता उतरेल. ती उतरली नाही. दीड महिन्यात दुपटीच्या वर गेली. आण्णांनी जुन्या भावानं बाहेरच्या लोकांनाही भरमसाट माल कबूल करून ठेवला होता, हे कुणालाच माहीत नव्हतं. एका सोमवारी त्यांचं दुकान उघडलं नाही. मुलगा म्हणाला, आण्णा दवाखान्यात आहेत. महिन्याभरात त्यांच्या मालमत्तेवर कोर्टानं माणूस नेमला आणि त्याच्या बाजूनं एक वकील माळ्यावर आला. कराराची फाइल माझ्या पेन ड्राइव्हमध्ये होती, म्हणून सरांनी मलाही बोलावलं होतं. तिची गरज लागली नाही. वकिलानं मूळ कागद घेतला आणि नावांवरून बोट फिरवत खाली आला.

"अकरा नावं, दहा सह्या," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. "आमच्या पार्टीची सही नाही. म्हणजे आमच्यापुरता हा करारच नाही. पोपटराव, तुम्ही आण्णांना दोनशे पोती कबूल केलीत. जुन्या भावानं. ती द्या."

पोपटराव उठून उभे राहिले. "आन ती मला भाभींकडनं यायचीत." मग भाभींकडं न बघता म्हणाले, "भाभी, मी तरी कुठनं आणू? तुमी कबूल केल्यात, तुमी द्या."

"आन मला कोण दील?" भाभींनी वकिलाला विचारलं.

"तुम्हाला आण्णांकडून घ्यायचीत. दावा दाखल करा. सगळ्या घेणेकऱ्यांत वाटणी होईल तेव्हा वाट्याला येईल तेवढं मिळेल."

"किती?"

वकिलानं कागद घडी करून पाकिटात घातला. भाभी फळ्याकडं बघत होत्या. "पर माझं तर शून्य होतं की ओ, सर. तुमीच लिवल्यालं."

पोपटराव म्हणाले, "सर, तुमी म्हणला होता, सह्या झाल्या."

"व्हय," सर म्हणाले. "म्हणलो होतो."

एवढंच. अमावास्येचं त्यांनी सांगितलं नाही, उपकारांचंही नाही. मला वाटलं होतं, ते निदान माझ्याकडं तरी बघतील. बघितलं नाही.

कुणी भांडलं नाही. पुढच्या शनिवारी फक्त कुणी चिठ्ठी आणली नाही. सर तीनला येऊन बसले. मी आणि तासगाव मुद्दाम गेलो होतो. खाली दुकानात माणसं होती, जिन्याकडं कुणी बघत नव्हतं. चारच्या सुमाराला चहावाला वर आला. नेहमी बारा कप आणायचा. दारातच थांबून त्यानं विचारलं, "सर, किती च्या?"

"तीन दे," सर म्हणाले. मग आम्हाला, "प्या आन जावा घरी."

ते साडेसहापर्यंत बसले होते, असं नंतर कळलं.

रेहानाभाभींनी बाजारभावानं हळद घेऊन जुन्या भावानं पोपटरावांना दिली. त्यासाठी दागिने गेले, मग गिरणीचं यंत्र विकायला काढलं. सर कॉलेजात येत राहिले. अभ्यासक्रमात नेमकं शेवटचं प्रकरण डिफॉल्टचं, म्हणजे सौद्यातलं कुणी बुडण्याचं, होतं. सरांनी ते पुस्तकातून वाचून दाखवलं, एकही उदाहरण न घालता. वर्ग पेंगत होता. जतला यातलं काही माहीत नव्हतं. सरांना हसवावं म्हणून तो मागून ओरडला, "सर, मी मरू का?"

वर्ग हसला. सर खुर्चीवर बसले. पुस्तक मिटलं नाही, वाचलंही नाही. तास संपेपर्यंत तसेच बसून राहिले.

परीक्षेच्या आधी एका दुपारी त्यांनी मला ग्रंथालयाबाहेर गाठलं. हातात कोर्टाचा जाड कागद होता. स्वतःच्या हातानं लिहिलेला. 'आण्णांची सही झालेली नाही हे मला माहीत होते. तरीही रेहानाभाभींनी सर्वांसमक्ष विचारले असता मी सह्या झाल्या असे सांगितले. त्यावर विसंबून त्यांनी सौदा केला. त्यांचे झालेले नुकसान मी देणे लागतो.' खाली त्यांची सही.

"साक्षीदार पायजे," ते म्हणाले. "तू ऐकलं होतंस. आन कागदावर जागा रिकामी हाय, हे तुलाबी ठाऊक होतं. पर जबरदस्ती न्हाई."

घर सोडताना माझ्या आईनं मला एकच गोष्ट बजावली होती: कुठल्या कागदावर सही करू नको. आमच्याकडं सही म्हणजे काहीतरी जाणार. मी कागद पहिल्यापासून पुन्हा वाचला. सर घाई करत नव्हते. मला वाटत होतं, हे केलं तर सरांचं उरलंसुरलं जाईल, आणि ते मीच घालवीन. न केलं तर पुन्हा एकदा वहीत मान घातल्यासारखं होईल. मी सही केली. कागद भिंतीला टेकवून केली, त्यामुळं आडनाव वाकडं आलं.

सर तो कागद लगेच भाभींना द्यायला निघाले. मला यायला सांगितलं नव्हतं, तरी मी मागून गेले. गिरणीचं दार सताड उघडं होतं आणि आत चार माणसं यंत्राचे बोल्ट सोडवत होती. भाभी पायरीवर आल्या. उभ्या उभ्या, ओठ हलवत, त्यांनी सगळा कागद वाचला.

"याचं मी काय करू?"

"माझ्यावर दावा लावा. ह्यो कागद असला की मला न्हाई म्हणता यायचं न्हाई."

"तुमच्याकडं हाय काय, सर?"

"मलकापुरात एक प्लॉट हाय. घराचं जोतं झालंय."

"पोरं किती?"

"दोन."

भाभींनी कागदाकडं पुन्हा बघितलं. त्या आता कागद परत देतील, असं मला वाटलं. मला वाटतं, सरांनाही क्षणभर तसंच वाटलं असावं, कारण त्यांचा हात थोडासा वर आला होता. भाभींनी कागदाची घडी घातली, पुन्हा एक घडी घातली.

"ठेवते," त्या म्हणाल्या. "मलाबी दोनच हायती." आणि आत गेल्या.

सरांनी हात खाली घेतला. आतून कुणीतरी ओरडलं, "ओ, दारातनं बाजूला व्हा, यंत्र बाहेर काढायचंय." सर पायरी उतरले आणि भिंतीला अंग चोरून उभे राहिले. चौघांनी यंत्र ओढत टेम्पोपर्यंत आणलं, पण ते फळीवर चढेना. सरांनी बघितलं, खांद्यावरची पिशवी भिंतीशी ठेवली आणि पाचवे होऊन खालून खांदा लावला.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते असं, पाठमोरं, मान वाकवून जोर लावताना. शर्टाच्या पाठीवर हळद उठली होती.